खासगी मातीचं धरण: धोक्याचा वर्ग कसा ठरवायचा आणि तब्येत कशी तपासायची, नाशिककडच्या मालकांसाठी

दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी, पेठ कुठल्याही बाजूला जा, नाल्यावर आडवा टाकलेला मातीचा भराव आणि त्याच्यामागे साठलेलं पाणी दिसतंच. कुणी द्राक्षबागेसाठी केलाय, कुणी रिसॉर्टला व्ह्यू पाहिजे म्हणून, कुणाच्या आजोबांनी दुष्काळात बैलजोडीने माती ओढून बांधलाय. हा लेख अशा मालकांसाठी आहे. प्लास्टिकचा कागद टाकलेलं खोदीव शेततळं वेगळं, त्यात आपण पंपाने भरतो तेवढंच पाणी येतं. इथे बोलतोय ते नाल्यावरच्या, पावसाने आपोआप भरणाऱ्या, साधारण ५ ते १० मीटर उंचीच्या भरावाबद्दल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इथेच बहुतेकांची गल्लत होते. धोक्याचा वर्ग म्हणजे धरण किती मजबूत आहे याचं सर्टिफिकेट नव्हे. धरण फुटलं असं धरून चालायचं आणि खाली कोणाचं काय जाईल ते बघायचं, त्यावरून वर्ग ठरतो. एकही भेग नसलेलं नवंकोरं धरण जास्त धोक्यात बसू शकतं कारण खाली अर्ध्या किलोमीटरवर वस्ती आहे, आणि गळकं जुनाट धरण कमी धोक्यात बसू शकतं कारण खाली नुसतं माळरान. तब्येत वेगळी तपासायची, वर्ग वेगळा ठरवायचा, मग दोन्ही समोर ठेवून पैसा आणि लक्ष कुठे घालायचं ते बघायचं.

कायदा काय म्हणतो

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच सगळ्या धरणांना लागतो. १० ते १५ मीटरमधलं असेल तर पुढच्यापैकी एक तरी गोष्ट लागते: लांबी निदान ५०० मीटर, साठा निदान १० लाख घनमीटर, पुराचा विसर्ग निदान २००० क्युमेक (घनमीटर दर सेकंदाला), किंवा पाया फारच अवघड नाहीतर रचनाच वेगळी. उंची पायाच्या सगळ्यात खालच्या भागापासून माथ्यापर्यंत धरतात, नाल्याच्या तळापासून नाही, हे मोजताना लक्षात ठेवा.

आपली बहुतेक धरणं यात बसत नाहीत. मेरी ही राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था दिंडोरी रोडला आहे, राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशकातच आहे, म्हणजे धरणांची माहिती असलेली माणसं इथे भरपूर आहेत, पण तुमचं ७ मीटरचं धरण तपासायला त्यांच्यातलं कुणी आपणहून येणार नाही. ते काम मालकाचं.

आणि जबाबदारीही मालकाचीच. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नाले-ओढे सरकारी मालकीचे, दोन्ही बाजूचे गट तुमच्या नावावर असले तरी, त्यामुळे परवानगीचे कागद आहेत का ते आधी शोधा. नुकसानभरपाईचं म्हणाल तर घातक वस्तू जमिनीवर साठवली आणि ती सुटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर मालक जबाबदार हे तत्त्व कोर्टात ज्या केसवरून आलं ती रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ ची, इंग्लंडमधली, एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचीच केस होती. "पाऊसच जास्त झाला" एवढं म्हणून सुटता येईल यावर विसंबू नका.

पाणी मोजा

गुगल अर्थवर भरलेल्या तलावाची हद्द आखा, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येतं. सगळ्यात खोल जागेची खोली दोरीला दगड बांधून मोजा. क्षेत्रफळ गुणिले खोली गुणिले ०.४, हा झाला अंदाजे साठा. दीड हेक्टर पसारा आणि ६ मीटर खोली असेल तर १५,००० × ६ × ०.४ म्हणजे ३६,००० घनमीटर, ३ कोटी ६० लाख लिटर.

आता हे धरण फुटलं तर एका वेळी किती पाणी सुटेल? त्यासाठी फ्रोलिकचं १९९५ चं सूत्र इंजिनियर लोक वापरतात: ०.६०७ गुणिले साठ्याचा ०.२९५ वा घात गुणिले पाण्याच्या उंचीचा १.२४ वा घात. मोबाईलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर होतं. वरच्या आकड्यांना ते येतं साधारण १२४ घनमीटर दर सेकंदाला, म्हणजे जवळपास ४,४०० क्युसेक. अंदाजच आहे, छोट्या तलावाला थोडा जास्तही निघू शकतो, पण अंदाज यायला पुरेसा आहे. नाशिककराला क्युसेक समजावून सांगायची गरज नाही, गंगापूरमधून विसर्ग वाढवला की आपण सगळे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते विचारतो. ते पाणी गोदावरीच्या रुंद पात्रातून येतं आणि आधी सूचना देऊन येतं. इथे हजारो क्युसेक १० मीटर रुंदीच्या नाल्यातून, काही मिनिटांत, रात्री दोन वाजता. एवढ्यासाठी मी म्हणतो की "आपलं छोटंसं आहे हो" हे वाक्य डोक्यातून काढूनच टाका.

नाल्याने खाली चालत जा

हे काम मोबाईलवर बसून होत नाही, स्वतः पायी जायचं. धरणाच्या पायथ्यापासून निघायचं आणि नाला कादवा, बाणगंगा, दारणा, वालदेवी जी कुठली मोठी नदी असेल तिला मिळेपर्यंत जायचं. काठापासून दोन्ही बाजूला किती उंचीपर्यंत पाणी चढेल याचा अंदाज घ्यायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. मग त्याच्याही वर दीड-दोन मीटर धरून चाला, कारण धरणफुटीचं पाणी नेहमीच्या पुराला विचारत नाही.

वहीत लिहायचं ते असं: राहतं घर, किती माणसं, धरणापासून अंतर, नाल्याच्या तळापासून उंबऱ्याची उंची. गोठा, पोल्ट्री, विहीर, मोटरची खोली, ट्रान्सफॉर्मर. फरशी पूल आणि त्यावरून शाळेची मुलं जातात का. अंगणवाडी, मंदिर, वीटभट्टी. रिसॉर्टचे तंबू, ते हमखास पाण्याजवळ सपाट जागेवर ठोकलेले असतात.

आणि मजुरांच्या झोपड्या. हे ठळक लिहितोय कारण नकाशावर त्या कधीच नसतात. गिरणारे, दिंडोरी भागात टोमॅटोच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याची कुटुंबं लेकराबाळांसकट येतात, पाणी जवळ पाहिजे म्हणून नाल्याच्या कडेला ताडपत्री टाकून राहतात, आणि ते दिवस म्हणजे नेमके तलाव काठोकाठ भरलेले असतात. मे महिन्यात फिरलात तर तिथे कुणीच दिसणार नाही आणि तुम्ही वहीत "माळरान" लिहून मोकळे व्हाल. म्हणून ही चक्कर दोनदा मारा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

वेळही लिहा. नाल्यातून पाण्याचा लोंढा सेकंदाला २ ते ३ मीटर धरला तर २ किलोमीटरवरच्या वस्तीला ११ ते १६ मिनिटं मिळतात, तीही कुणी लगेच फोन केला तर. गुडघाभर पण जोरात धावणारं पाणी धडधाकट माणसाला पाडतं.

एक गोष्ट लोक विसरतात, खाली दुसरा बांध किंवा पाझर तलाव आहे का. तुमचं पाणी त्यात घुसलं आणि तोही फुटला तर दोघांचं पाणी एकत्र खाली जातं. तेव्हा वर्ग ठरवताना शेवटच्या बांधाच्या खालचं गावसुद्धा तुमच्याच वहीत येतं.

वर्ग ठरवा

केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये वर्गवारीची मार्गदर्शिका काढली, त्यात चार वर्ग आहेत आणि गुण देण्याची पद्धत आहे, मोठ्या धरणांना ती ठीक. छोट्या खासगी धरणाला जगभर चालणारे तीन कप्पे पुरतात.

कमी धोका: माणूस मरण्याची शक्यता दिसत नाही, नुकसान झालं तर मुख्यतः तुमच्याच शेताचं.

मध्यम धोका: जीव जाण्याची शक्यता दिसत नाही, पण दुसऱ्याची बाग, विहिरी, रस्ता, लाईट, गावची पाणीपुरवठा विहीर यांचं मोठं नुकसान.

जास्त धोका: जीव जाण्याची शक्यता आहे. इथे घरं मोजत बसायचं नाही, पाण्याच्या वाटेत एक राहतं घर आलं की जास्त. माझं स्पष्ट मत, हंगामी झोपडी असेल तरीही जास्त, आणि दोन कप्प्यांच्या मध्ये अडकलात तर वरचा धरा.

वर्ग कायमचा नसतो. धरणाला काहीही न होता वर्ग वर चढतो, कारण खाली कुणीतरी एनए करून प्लॉट पाडतो, फार्महाऊस उभं राहतं. नाशिकच्या आसपास हे फार झपाट्याने चाललंय, म्हणून दरवर्षी वही पुन्हा उघडायची.

सांडवा पुरेसा आहे का

मातीची धरणं मुख्यतः दोन कारणांनी जातात, माथ्यावरून पाणी गेलं म्हणून किंवा आतून माती वाहून गेली म्हणून. जगभरच्या नोंदींत दोन्हींचा वाटा साधारण सारखा आहे. पहिल्यावर इलाज म्हणजे सांडवा, जादा पाणी बाजूने काढून देणारी वाट.

उदाहरण घेऊ, पाणलोट ५० हेक्टर. रॅशनल सूत्राने वाहून येण्याचा गुणांक ०.६, पावसाचा जोर तासाला १२० मिलिमीटर धरला तर ०.६ × १२० × ५० भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला १० घनमीटर. महाराष्ट्रात जुनं इंग्लिस सूत्रही चालतं, १२४ गुणिले पाणलोट चौरस किलोमीटरमध्ये, भागिले पाणलोट अधिक १०.४ चं वर्गमूळ, त्याने त्याच ५० हेक्टरला जवळपास १९ येतात. घाटाकडच्या उताराच्या पाणलोटाला मोठा आकडा घ्या. आता सांडव्यावरून ६० सेंटिमीटर जाडीने पाणी गेलं तर दर मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण ०.७९ घनमीटर जातं (१.७ गुणिले ०.६ चा दीड घात). म्हणजे १० साठी १३ मीटर रुंद सांडवा, १९ साठी २४ मीटर. तुमचा किती आहे ते टेपने मोजा. जेसीबीवाल्याने बकेटच्या अंदाजाने काढलेले ३-४ मीटरचे सांडवे कितीतरी ठिकाणी आहेत.

सांडव्याच्या पातळीपासून धरणाच्या माथ्यापर्यंत पुराचे ते ६० सेंटिमीटर अधिक निदान ९० सेंटिमीटर मोकळी उंची, असे दीड मीटर पाहिजेत. माथा मध्येच खचलेला असतो, डोळ्याला कळत नाही, डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून दर १० मीटरला रीडिंग घ्या, सगळ्यात कमी रीडिंग ती तुमच्या धरणाची खरी उंची.

सिन्नर, येवल्याकडची मंडळी म्हणतात आमच्याकडे पाऊसच कुठे. वर्षाचा पाऊस इगतपुरीत ३ हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तुमच्याकडे ५००-६००, मान्य. पण सांडवा वर्षाच्या पावसावर ठरत नाही, एका तासाच्या पावसावर ठरतो, आणि ढगफुटीसारखा तास तुमच्याकडेही येतो.

आयएस ११२२३ या भारतीय मानकामध्ये ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठ्याच्या छोट्या धरणाला १०० वर्षांतून एकदा येणारा पूर धरायला सांगितलाय, आणि खाली धोका जास्त असेल तर त्याहून मोठा. तुमचा साठा त्याहून कमी असला तरी वर्ग जास्त निघाला तर १०० वर्षांच्या खाली येऊ नका, आणि हे गणित पाण्याचं काम केलेल्या सिव्हिल इंजिनियरकडून तपासून घ्या, घर बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून नाही.

सांडव्यावर जाळी लावू नका. त्र्यंबककडच्या एका तलावावर मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला आडवी नायलॉनची जाळी ताणलेली बघितली, तिला घाणेरी, गवत, प्लास्टिकच्या बाटल्या अडकून हातभर जाडीची भिंत झालेली, मागे पाणी चढलेलं, आणि माथा तिथून फार लांब नव्हता. १८८९ च्या ३१ मे रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क धरण फुटलं आणि जॉन्सटाउन शहरात २,२०९ माणसं गेली. ते धरण मातीचं होतं आणि एका श्रीमंतांच्या खासगी क्लबच्या मालकीचं होतं. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या, घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवलेला, तळातून पाणी सोडायचे पाईप आधीच्या मालकाने काढून विकलेले. आपल्याकडे नेमकी हीच तीन कामं आजही लोक करतात: जाळी, माथ्यावरून रस्ता, आणि विमोचक (तळातून पाणी सोडायची वाट) बुजवणं. सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचून पाणी वाढवणं हे त्याचंच भावंड.

तब्येत तपासणं

वर्षातून दोनदा नीट, मे महिन्यात रिकामं असताना आणि पूर्ण भरल्यावर. जास्त धोक्याचं असेल तर पावसाळ्यात रोज एक चक्कर. हातात काठी, टेप, मोबाईल, एक पारदर्शक बाटली.

माथा: आपल्या काळ्या मातीचा स्वभाव माहितीच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. धरणाच्या लांबीला समांतर भेग असेल तर लक्ष ठेवा, उतार सरकतोय का बघा. आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग असेल तर ती पाण्याची तयार वाट आहे, खणून तळ गाठा आणि ओलसर मातीने थराथराने धुम्मस करून भरा. नुसती वरून माती ओढली तर पहिल्या पावसात पुन्हा उघडते. काळ्या मातीच्या गाभ्यावर मुरुमाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, यासाठीच असतं, ते झिजलं असेल तर आधी ते करा.

पाण्याकडचा उतार: पिचिंगचे (उतारावर लावलेले) दगड निसटलेत का, लाटांनी पायरी पडलीय का. हा उतार साधारण १ ला २.५ ते ३ (उंची १ मीटर तर आडवं अंतर २.५ ते ३) आणि मागचा १ ला २ असावा, त्याहून उभा असेल तर इंजिनियरला दाखवा. छोट्या मातीच्या धरणांचे निकष आयएस १२१६९ मध्ये आहेत.

मागचा उतार: झाडं नकोत. बाभूळ, सुबाभूळ, लिंब, कितीही सावली देत असो. लहान आहेत तोवर मुळासकट काढा, मोठं झालेलं झाड कापून मूळ आत सडू दिलं तर आत पोकळ नळी तयार होते, तिथे नीट खणून भरावंच लागतं. घुशीची, साळिंदराची, खेकड्याची बिळं, वारुळं, सगळी शोधा. गवत मात्र राहू द्या, कापून आखूड ठेवा म्हणजे ओल दिसते.

पायथा आणि गळती: यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्याने घाबरायचं कारण नाही. बघायचं काय तर पाणी वाढतंय का आणि गढूळ आहे का. पाझर एका पाईपमध्ये घ्या, खाली १० लिटरची बादली, मोबाईलवर स्टॉपवॉच. ४० सेकंदात भरली तर मिनिटाला १५ लिटर. तारीख, तलावाची पातळी, बादलीचा वेळ, तीन गोष्टी वहीत. तुलना करायची ती सारख्या पातळीची करायची, मागच्या वर्षी याच पातळीला ४० सेकंद लागत होते आणि आता १५ लागतात, तर आत काहीतरी सुरू झालंय. मग बाटली भरून घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर बसला असेल तर ती माती धरणाच्या पोटातली आहे, त्याच दिवशी तलाव खाली करायला घ्या आणि इंजिनियरला बोलवा.

पाईप: भराव झाल्यावर चर खोदून घातलेला पीव्हीसी किंवा एचडीपीई पाईप हा छोट्या धरणांचा सगळ्यात कच्चा दुवा, कारण पाईपच्या बगलेला माती कधीच नीट दाबली जात नाही आणि पाणी बाहेरच्या अंगाने वाट काढतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला गेलं तेव्हाही गडबड विमोचकाच्या नळापासून सुरू झाली होती. पाईप बाहेर येतो तिथे कडेने ओल, खड्डा, भुसभुशीत माती दिसली तर हलक्यात घेऊ नका. नवीन पाईप टाकायचाच असेल तर भराव न फोडता माथ्यावरून सायफन करा.

तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, १९ हून जास्त माणसं गेली. गळती होतेय असं गावकरी आधीपासून सांगत होते. म्हणून तुमच्या वाटेकऱ्याने, गुराख्याने "शेठ, खाली पाणी निघतंय" म्हटलं की हातातलं काम सोडून जा.

अडचण आली तर

गढूळ पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतंय, तर त्यावर माती, चिखल, ताडपत्री टाकून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड, म्हणजे पाणी बाहेर येतं पण माती आत राहते. त्याचवेळी तलावाची पातळी उतरवायला लागा.

पण उतरवणार कशाने, हा विचार आत्ताच करून ठेवा. सेकंदाला २० लिटर ओढणारा पंप ३६,००० घनमीटरला जवळपास २१ दिवस घेतो. सेकंदाला १५० लिटर देणारा मोठा सायफन असेल तर तीनेक दिवस. सांडव्याची पातळी १ मीटर खाली आणता येईल अशी जागा कुठे आहे, भरावापासून लांब, कडक मुरमात, ती इंजिनियरकडून आधीच खूण करून घ्या. एरवी, घाई नसताना, दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरवू नका, ओला झालेला पाण्याकडचा उतार आधार गेल्यावर घसरतो.

जास्त धोक्याच्या धरणासाठी एक पान तयार करा. खालच्या प्रत्येक घरातले दोन मोबाईल नंबर, मुकादमाचा नंबर (मजूर दरवर्षी बदलतात), पोलीस पाटील, सरपंच, तलाठी, तहसीलदार, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, आणि ११२. लोकांनी कुठल्या उंचवट्यावर जायचं तेही लिहा. फोन करायचा निर्णय कोण घेणार ते नाव घालून लिहा, नाहीतर पाचजण एकमेकांची वाट बघत बसतात. ते पान स्वतःच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, पोलीस पाटलाकडे आणि खालच्या वस्तीत दोन घरांत द्या.

आणि सांभाळणं जमतच नसेल, वारस पुण्या-मुंबईला आहेत, सांडव्याला पैसा नाही, तर धरण रीतसर मोडून टाका, त्यात कमीपणा काही नाही. जलसंपदा आणि तहसील कार्यालयात कळवून, उन्हाळ्यात तलाव कोरडा झाल्यावर, भरावाला नाल्याच्या तळापर्यंत खाच पाडायची, सांडव्याच्या गणितात आलेला पूर मागे न तुंबता जाईल एवढी रुंद, दोन्ही कडा १ ला २ उताराच्या आणि तळाला दगड. अर्धवट खाच ठेवू नका, तिच्यामागे पाणी अडतं आणि तीच पावसात फुटते. काढलेली काळी माती आणि तलावातला गाळ नाल्यात ढकलू नका, हलक्या मुरमाड रानात पसरवा.